सलाईनच्या नळीचं पोकलेन

त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि नववीचा वर्ग माझ्याकडे आला. माझी मुलगी असती तर ती त्याच वर्गात बसली असती.

होळीच्या थोडं आधी ती गेली. तिला सिकलसेल होता, लहानपणापासून. आम्हा नवराबायकोच्या रक्तात तो अर्धा अर्धा होता, तिच्या वाट्याला पुरा आला. आमच्या भागात हे काही नवलाचं नाही. पिवळसर डोळ्यांचं, थंडीत गुडघे धरून बसणारं एखादं मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असतं. तिचे सांधे दुखायला लागले की दवाखाना, सलाईन, मग दोनचार दिवसांनी घर, असं आमचं चाललेलं होतं. त्याची आम्हाला सवय झाली होती. शेवटच्या खेपेला दुखणं छातीत उतरलं. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. परत येताना गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो आणि मला आठवतं ते एवढंच, की यांच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं.

हे तेव्हा गोंदियाला होते. भंडारा जिल्हा फुटला तशी कचेरीतली माणसंही वाटली गेली, त्यात यांचं नाव तिकडे गेलं. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. मधले दिवस घरात मी एकटी. लोक म्हणायचे, बाई, शाळा आहे म्हणून बरं आहे. मी हो म्हणायची.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मोठ्या सरांनी मला खोलीत बोलावलं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, नववी दुसऱ्या कोणाकडे देऊ का? विज्ञान दुसरे सरही घेतात. मी सांगतो त्यांना."

"राहू द्या सर," मी म्हटलं.

त्यांना ते धीराचं वाटलं. त्यांनी तसं बाकीच्या शिक्षकांना सांगितलंही. खरं तर नववी काय आणि सातवी काय, मला फरकच वाटत नव्हता. नको म्हणायचं तर त्याचं कारण सांगावं लागलं असतं.

मुलींच्या ओळीत दुसऱ्या बाकावर माझ्या मुलीची मैत्रीण एकटी बसलेली होती. ती जवळच्या खेड्यातून सायकलनं यायची, घरची धानाची शेती. बाकाची भिंतीकडची बाजू तिनं मोकळी ठेवली होती आणि स्वतः अगदी कडेला बसली होती, अर्धी बाहेर. तिथं तिनं दप्तरसुद्धा ठेवलं नव्हतं.

मी फळ्यावर 'बल' असा शब्द लिहिला आणि वळले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मयतीच्या घरी बसायला आलेली माणसं बघतात, तसं. मी म्हटलं, "एखाद्या वस्तूला ढकलण्यासाठी..." आणि पुढे वाक्यच नव्हतं. रडू आलं असं नाही. बारा-तेरा वर्षं जे वाक्य मी दरसाल म्हणत आले ते अर्ध्यावर संपलं आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. मुलं वाट बघत राहिली. बाहेर कोणीतरी हापसा मारत होतं, त्याचा कर्र कर्र आवाज येत होता.

"बाहेर चला," मी म्हटलं.

झेंड्याच्या ओट्यामागे एक मोठा दगड कधीचा पडून होता. मी त्यांना म्हटलं, हा दगड कडुनिंबापर्यंत न्यायचा. हात लावायचा नाही. आणि मी जाऊन ओट्यावर बसले.

आधी पोरं नुसती त्याच्याभोवती फिरली. मग एकजण बांबू घेऊन आला. बांबू दगडाखाली घालून उचलायला गेले तर बांबू वाकला. मग कोणीतरी वीट आणून खाली ठेवली. वीट दगडापासून लांब होती तेव्हा दोघं बांबूला लोंबकळले तरी दगड हलेना. जवळ सरकवली तसा तो डुलला.

"अबे, अजून जवळ घे! जवळ घेतली का हलका होते!"

"दगड हलका नाही होत बे, दगड तेवढाच हाय."

"मंग काहून उचलून राहिला?"

ते भांडत होते आणि मी बसून होते. तास संपेपर्यंत मला तोंड उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी म्हटलं, "काल काय केलं ते सांगा." ते सांगत गेले, मी फळ्यावर लिहीत गेले. तरफ, टेकू, भार, बल. सगळा धडा त्यांनीच सांगितला.

पुढे काही वर्षांनी बाहेरचे साहेब लोक आमचा वर्ग बघायला आले तेव्हा त्यांनी माझं फार कौतुक केलं. मुलांच्या हातांनी शिकवण्याची ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, इथेच. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी मुलांना कामाला लावलं होतं. पण ते त्यांना कसं सांगणार.

पावसाळाभर असंच चाललं. उदबत्तीच्या पुड्याचं खोकं आणि आरशाचे तुकडे घेऊन पेरिस्कोप केला, तर पोरांना भिंतीपलीकडच्या टपरीवर कसरतीचे सर चहा पिताना दिसले. नारळाच्या कवट्यांचा तराजू केला. बांबूच्या कमच्यांचे पूल केले आणि त्यांच्यावर विटा ठेवत ठेवत ते मोडले. चौकोनांचा पूल लवकर मोडतो आणि त्रिकोणांचा मोडता मोडत नाही, हे मुलांनीच मला येऊन सांगितलं. शेजारच्या वर्गात गणिताचे सर होते. एकदा ते दारात येऊन म्हणाले, "मॅडम, हा वर्ग आहे का भाजीबाजाराची गुजरी आहे?"

"गुजरी," मी म्हटलं.

मी थट्टा केली की भांडले, ते त्यांना कळलं नाही. मलाही सांगता आलं नसतं. ते आपल्या वर्गात परत गेले.

पोळ्यानंतर विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. काय करायचं, असं मी वर्गाला विचारलं. त्या दिवसांत आमच्याकडे नदीवर धरणाचं काम चाललेलं होतं आणि मुलं रविवारी सायकली घेऊन तिकडची माती उपसणारी मोठाली मशिनं बघायला जायची.

"मॅडम, पोकलेन करू," मागून एकजण म्हणाला.

"तो हात कसा उचलते माहीत हाय का तुले?" दुसऱ्यानं विचारलं.

"त्याच्या हातात तेल असते. मी डायवरले विचारलं. तेल दाबलं का हात वर."

तेलाच्या जागी पाणी चालेल, असं मी म्हटलं. पण पाणी दाबायचं कशानं? तेव्हा तोच पोरगा म्हणाला, "मॅडम, इंजेक्शनच्या पिचकाऱ्या घेऊ. माह्या मामाचं मेडिकल हाय. नवीन देते तो, बिनसुईच्या. आन त्याले जोडाले सलाईनची नळी."

तो एकदम गप्प झाला. मैत्रीण खाली बघत होती.

मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाटही बघितली. काही झालं नाही. "चालेल," मी म्हटलं, "नळी जाड भिंतीची बघून घे. पातळ असली तर फुगते."

पिचकाऱ्या आल्या, लहान आणि मोठ्या. नळ्या आल्या, पिशवीत गुंडाळलेल्या. मी एका पिचकारीत पाणी भरलं, नळी लावली, दुसऱ्या टोकाला दुसरी पिचकारी लावली. हिचा दांडा दाबला की तिचा बाहेर. पोरांनी ओरडून वर्ग डोक्यावर घेतला. लहान पिचकारी दाबून मोठीचा दांडा उचलला तर तो थोडासाच उठायचा, पण त्याच्यावर आख्खी वीट ठेवली तरी उठायचा. मोठी दाबून लहानीवर वीट ठेवली तर दोन हातांनी दाबूनही ती जागची हलायची नाही. हे त्यांनी इतक्या वेळा करून पाहिलं की दोन दांडे मोडले.

पण हात जोडल्यावर तो उशिरा उचलायला लागला. दाबलं तरी आधी काहीच नाही, मग एकदम झटका.

"हे काहून असं करून राहिलं, मॅडम?"

मी नळी उजेडात धरली. आत हवेचा एक बुडबुडा होता. मी पिचकारी उभी केली, बोटानं तिच्यावर टिचक्या मारल्या, बुडबुडा वर आला, दांडा किंचित सरकवला, हवा गेली. "हवा दबते, पाणी दबत नाही," मी म्हटलं. "आत हवा राहिली की तुमचा जोर तिला दाबण्यातच जातो." माझ्या लक्षात आलं, की पोरं यंत्राकडे नाही, माझ्या बोटांकडे बघतायत. मी ते फार सराईतपणे केलं होतं.

तेव्हा मैत्रिणीनं विचारलं, "मॅडम, सलाईनची बाटली वर काहून टांगतेत?"

एकानं तिला कोपरानं ढोसलं. ती हलली नाही. "मले खरंच माहीत नाही," ती म्हणाली. "मी तिच्यापाशी दवाखान्यात बसली होती न, तवापासून इचारीन म्हणत होती."

"आपल्या रक्ताला दाब असतो," मी म्हटलं. "बाटली हाताच्या बरोबरीनं ठेवली तर पाणी शिरेत जाणार नाही, रक्त त्याला आत येऊ देत नाही. वर टांगली की पाण्याच्या उंचीचा दाब रक्तापेक्षा जास्त होतो. मग थेंब थेंब जातं. जितकी वर, तितका जोर."

"आन खाली आणली तर?"

"तर रक्त नळीत मागे येतं."

"मी पाह्यलं होतं ते," ती म्हणाली. "तिनं हात वर केला होता. नळीत लाल लाल आलं. मी लय घाबरली. तुमी नर्सले बोलवाले गेल्या होत्या."

"घाबरण्यासारखं नसतं ते," मी म्हटलं. "हात खाली केला की जातं."

उत्तर बरोबर होतं. मी फळ्याकडे गेले आणि बाटलीची आकृती काढली. त्या तासाला आम्ही एका बाटलीला बुडाशी भोक पाडून नळी बसवली, नळीचं टोक जमिनीपाशीच धरलं आणि बाटली आधी जमिनीवर, मग बाकावर, मग टेबलावर ठेवली. पाण्याची धार कुठून किती लांब पडते ते पट्टीनं मोजलं. फरशी ओली झाली. मैत्रिणीनं ती पुसून घेतली, कोणी न सांगता.

प्रदर्शन जवळ आलं तशी शाळेची वेळ पुरेना. रविवारी पोरं आमच्या घरी यायला लागली. छपरीत बसून बांबूच्या कमच्या जोडायची, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सांधे बांधायची. हे घरीच असायचे. पहिल्या रविवारी ते आत पेपर वाचत होते. मुलं किती दिवसांनी घरात आली होती, पण ते उठून बाहेर आले नाहीत.

मग पाणी भरताना एकाला हात कमी पडला. त्यानं आत बघून हाक मारली, "काकाजी, हे धरा न जरा."

हे आले. त्यानं नळीचं टोक यांच्या हातात दिलं.

"कायचं हाय हे?" यांनी विचारलं.

"सलाईनची नळी हाय काकाजी. मेडिकलमधली. नवी हाय," तो घाईघाईनं म्हणाला.

हे खाली बसले. आधी मला वाटलं, नीट धरायला बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि तोंडातून आवाज निघाला. नागपूरला ते रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते. तो आवाज मी आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधी ऐकला नव्हता. पोरं जागच्या जागी थिजली. कोणाच्या हातात ब्लेड होतं, ते तसंच राहिलं. मग ती सगळी माझ्याकडे बघायला लागली.

नळी यांच्या हातात होती. टोक खाली गेलं होतं आणि भरलेलं पाणी त्यांच्या लुंगीवर सांडत होतं. मी पुढे झाले, टोक त्यांच्या हातातून घेतलं आणि वर धरलं, पाणी जाऊ नये म्हणून. आणि तशीच उभी राहिले, हात वर करून. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, हे मला नंतर सुचलं, स्वयंपाक करताना.

मैत्रीण आत जाऊन तांब्या भरून घेऊन आली. तिला आमचं घर माहीत होतं. "काकाजी, पाणी," ती म्हणाली.

ते पाणी प्यायले, न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले. पोरं आवरायला लागली होती. "जाऊन राहिले का?" ते म्हणाले. "थांबा. ते गळून राहिलं न, तिथं."

नळी आणि पिचकारीच्या जोडावर पाण्याचा थेंब धरत होता. आम्ही तिथं सायकलचं सोल्यूशन लावून लावून थकलो होतो. यांच्या घरचा धंदा विणकामाचा. नोकरी लागण्याआधी हेही मागावर बसलेले. त्यांनी फळीवरून सुताची लडी काढली, सूत ओलं केलं आणि त्या जोडावर घट्ट, एकाशेजारी एक असे वेढे दिले. शेवटची गाठ दातांनी आवळली.

"दाब आता," ते म्हणाले.

पोकलेनचा हात उठला. जोड कोरडा राहिला. पोरं जपून हसली, आधी यांच्याकडे बघून, मग माझ्याकडे. पुढच्या रविवारी हे त्यांच्या आधीच छपरीत जाऊन बसले होते. सोमवारी जाताना मला म्हणाले, "पोरांना चहा देत जा. थंडी हाय."

प्रदर्शन भंडाऱ्याला होतं. मी, मैत्रीण आणि दोन मुलं एसटीनं गेलो, पोकलेन मांडीवर घेऊन. आमच्या शेजारच्या टेबलावर थर्माकोलचं आख्खं गाव होतं, त्यात दिवे लागत होते. परीक्षकांनी आमच्याजवळ थोडाच वेळ घालवला. एकानं विचारलं, मोटर का नाही बसवली?

"मोटर बसवली असती तर हातानं दाब नसता समजला," मैत्रीण म्हणाली. "तुमी दाबून पाहा न सर. आधी लहानी दाबा, मंग मोठी."

त्यांनी दाबून पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेले. पण नंतर इतर शाळांची मुलं आली, आणि त्यांनी दाबायला जी रांग लावली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. दिवे लागणाऱ्या गावाला हात लावू देत नव्हते. आमच्या पोरांचा आवाज बसला सांगून सांगून. मी भिंतीला टेकून हे बघत होते. एक शिक्षिका मला म्हणाल्या, तुम्हाला किती समाधान वाटत असेल. मी म्हटलं, हो. माझे पाय दुखत होते, तेवढं मला समजत होतं.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं.

परतीच्या गाडीत मुलगे मागे बसले आणि मैत्रीण माझ्याजवळ. अड्याळ मागे पडलं. शेतात धान कापून पडलेला होता, कुठे भारे बांधणं चाललं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी आमच्यासंग बोलत काहून नाही?"

"बोलते की."

"शिकवता. बोलत नाही. आधी बोलायच्या."

"मले येत नाही आता," मी म्हटलं. वर्गात मी पुस्तकी बोलत असे. हे घरचं बोलणं तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

"बरं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "एक नवीन पोरगी येऊन राहिली आपल्या वर्गात. तिच्या बाबाची धरणावर बदली झाली. मोठे सर म्हणत होते, माह्यापाशी बसव म्हणून. बसवू का?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या पोकलेनचा हात खाली पडू नये म्हणून तिनं तो धरून ठेवला होता.

"बसव," मी म्हटलं.

"भिंतीकडून?"

"तिला आवडेल तिकडून."

तिनं मान हलवली. पवनी येईपर्यंत ती रडत होती, तोंड खिडकीकडे करून. मी तिला रडू दिलं. माझा रुमाल मी तिला दिला तेव्हा तो ओला होता, दिवसभर सांडलेलं पाणी पुसून.

दोन दिवसांनी मी वर्गात गेले तेव्हा त्या बाकावर दोघी होत्या. नवीन मुलगी भिंतीकडून बसली होती. मी तिचं नाव विचारलं, आधीची शाळा विचारली, आणि ध्वनीचा धडा सुरू केला.

तो वर्ग दहावी होऊन गेला. मैत्रीण पुढे शिकायला भंडाऱ्याला गेली. हे गोंदियाहून परत यायला आणखी काही वर्षं लागली. मी नववीला मुलांकडून काही ना काही बनवून घेत राहिले, कारण आता मुलंच मागायची. पण मी तशीच होते. शाळेत यायची, सामान वाटायची, ओट्यावर बसायची. नवीन मुलांना मी शांत मॅडम म्हणूनच माहीत होते. ही कधी ओरडत नाही, असं ती एकमेकांना सांगायची.

एका वर्षी विद्युतचुंबक करत होतो, खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून. एका पोरानं दोन सेलवर समाधान न मानता घरून ट्रॅक्टरची बॅटरी आणली होती, पोत्यात घालून, मला न सांगता. मी वळले तेव्हा त्यानं तारेचं एक टोक लावलं होतं आणि दुसरं लावायला चालला होता. ठिणगी उडाली. तार लालभडक झाली आणि तिच्यावरचा लेप जळल्याचा वास आला. मी तिथं कशी पोचले ते मला आठवत नाही. त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी ओरडत होते.

"मरतोस का रे! अक्कल हाय का तुले? हात जळला असता न! कोणं सांगितलं तुले हे, हा? घरी मायले काय सांगू मी?"

माझा आवाज सगळ्या शाळेत गेला. गणिताचे सर दारात आले. पोरगा पांढरा पडला होता. मी त्याची बोटं एकेक करून उलटून पाहिली, भाजलं नव्हतं, तरी मी परत पाहिली. मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"चुकलं मॅडम," तो म्हणाला.

"बस खाली," मी म्हटलं. "कोणीच काही हात लावू नका."

मी खुर्चीवर बसले. मला भीती वाटत होती, खरी भीती, आणि ती जात नव्हती. किती वर्षांनी असं काही वाटत होतं ते मी मनात मोजायला गेले आणि सोडून दिलं. सुट्टीची घंटा झाली. मुलं माझ्याकडे बघत बसून राहिली, कोणी उठेना. शेवटी मीच उठले, बॅटरी पोत्यात घातली आणि त्या पोराला म्हटलं, चल, मी येते तुझ्या घरापर्यंत.